पाचवा ताड

मी वाईट सुपरवायझर होते. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे मला समजून घेण्याच्या भानगडीत कोणी पडणार नाही. लोकांना समजून घ्यायला फार आवडतं. त्या काळात बाईमाणसाला कडक राहावंच लागायचं, असं म्हणून आमच्या नात्यातली मंडळी मला परस्पर माफ करून टाकतात. मला ती माफी नको. कडक राहावं लागायचं हे खरं. पण त्यात मला मजा यायची हेही तितकंच खरं, आणि ते मला अजून कोणी विचारलेलं नाही.

मुलुंडला आग्रा रोडच्या कडेला इंजेक्शनं तयार करणारी एक कंपनी होती. साठच्या दशकात त्या रस्त्याला एकापुढे एक कारखाने उभे राहिले, त्यातलाच हा एक. मी बी. एस्सी. होऊन तिथल्या प्रयोगशाळेत लागले आणि काही वर्षांनी मला तपासणी खात्याची सुपरवायझर केलं. खातं म्हणजे एक लांबट खोली आणि अठरा बायका. प्रत्येकीसमोर एक पेटी. पेटीची पाठ अर्धी काळी, अर्धी पांढरी, आणि वर ट्यूबलाइट. औषध भरून तोंड बंद केलेल्या काचेच्या कुप्या चिमट्यात पाच-पाच धरायच्या, उलट्या करायच्या आणि आत काही तरंगतंय का ते बघायचं. पांढरा तंतू काळ्यावर दिसतो, काळा कण पांढऱ्यावर. काचेचा कण मात्र धड कशावरच दिसत नाही, तो नुसता क्षणभर चमकतो. दिसला तर कुपी बाजूला टाकायची. नाही दिसला तर ती कुणाच्या तरी दंडात जाणार. सकाळी आठ ते दुपारी साडेचार एवढंच काम.

तपासून झालेल्या प्रत्येक खोक्यात तपासणाऱ्या बाईच्या नंबराची चिठ्ठी जायची. एक ते अठरा. मी हाकसुद्धा नंबरानेच मारायचे. "चार नंबर, मान वर." "अकरा नंबर, बांगड्या वाजतात." नावं हजेरीपटावर होती, मला पाठही होती. आज मी इथे त्यांची नावं लिहीत नाही त्याचं कारण वेगळं आहे. ती नावं त्यांची आहेत आणि मी त्यांना विचारलेलं नाही. न विचारता पुष्कळ केलं, आता पुरे.

जागा मला देताना मॅनेजर साहेब म्हणाले होते की बायकांवर कंट्रोल ठेवणं बायकांना जमत नाही, तेव्हा तीन महिने बघू, नाही तर प्रयोगशाळा आहेच. हे ते हसत म्हणाले. त्या हसण्याला उत्तर द्यायचं, असं मी तिथल्या तिथे ठरवलं. माझी गफलत एवढीच झाली, की उत्तर साहेबांना द्यायचं होतं आणि मी ते अठरा बायकांना दिलं.

पहिल्या आठवड्यात मी बोलणं बंद केलं. दुसऱ्या आठवड्यात बिल्ला आला. पितळेचा गोल बिल्ला, माझ्या टेबलाशेजारच्या खिळ्याला टांगलेला. बाथरूमला जायचं तर तो घेऊन जायचं. बिल्ला एकच, वेळ पाच मिनिटं, आणि ती मी वहीत लिहिणार. बिल्ला खिळ्यावर नसेल तर गप्प बसून वाट बघायची. त्या वर्षी एक जण पोटुशी होती. तिलाही तोच बिल्ला आणि तीच पाच मिनिटं. नियम म्हणजे नियम, असं मी तिला सांगितलं होतं आणि ते सांगताना मला स्वतःचा अभिमान वाटला होता.

माझ्यामागे त्या मला हवालदारीण म्हणत. मला ते कळलं तेव्हा राग आला नाही, उलट बरं वाटलं. घरीसुद्धा माझा हाच खाक्या. चहाला उशीर झाला की मी आईला घड्याळ दाखवायचे. आई म्हणायची, "अगं, माझी तरी हजेरी घेऊ नकोस. मी रजेवर आहे असं समज." आम्ही दोघीच राहत होतो, त्यामुळे तिच्या बाजूने बोलायला तिसरं कोणी नव्हतं.

खिडकीचं प्रकरण यानंतरचं. खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत खिडकी होती आणि तिच्यातून मुलुंडचा डोंगर दिसायचा. दर अर्ध्या-पाऊण तासाने एक चमत्कारिक प्रकार व्हायचा. त्यांच्यातली सगळ्यांत मोठी बाई, मालवणकडची, पेटीच्या कडेवर चिमटा दोनदा वाजवायची. टक् टक्. की अठराच्या अठरा जणी हातातलं काम ठेवून खिडकीबाहेर बघत बसायच्या. ना बोलणं, ना हसणं. मग एकेकीची मान खाली जायची आणि काम पुन्हा सुरू. मी त्या मोठ्या बाईला विचारलं, हे काय चालतं. ती म्हणाली, "डोळ्यांक बरां वाटतां, बाई." मला वाटलं, ही मला बनवते आहे.

मी साहेबांकडे गेले नाही. आपल्या अधिकारात मेंटेनन्सच्या रंगाऱ्याला बोलावलं आणि खिडकीच्या सगळ्या काचांना डोक्याच्याही वर हातभरापर्यंत पांढरा तेलरंग मारून घेतला. उजेड आत येईल, डोंगर येणार नाही. रविवारी काम झालं, सोमवारी बायका आल्या, बसल्या. पहिल्या अर्ध्या तासाने त्या मोठ्या बाईने सवयीने चिमटा उचलला, पांढऱ्या काचेकडे बघितलं आणि चिमटा न वाजवता खाली ठेवला. त्या आठवड्यात साहेब फेरीला आले आणि म्हणाले, आता खातं खात्यासारखं दिसतंय. त्या वाक्यावर मी महिनाभर जगले.

आता सात नंबरबद्दल. ती सव्वीस-सत्तावीस वर्षांची होती. वडिलांनी नगरकडच्या गावात गावकीची कामं करायला नकार दिला, गाव सोडलं, घाटकोपरच्या टेकडीवर खोली केली, बुद्धाची दीक्षा घेतली आणि मुलीला मॅट्रिकपर्यंत शिकवलं. कंपनीच्या गेटवर कार्ड पंच करणारी त्या घरातली ती पहिली. कामाला चोख होती. पण मी बोलत असताना तिची मान खाली जायची नाही. ती सरळ माझ्याकडे बघत ऐकायची आणि मला ते सहन व्हायचं नाही. त्यात तिच्या जातीचा भाग होता का, असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा विचारलं. आणखी दोघी-तिघी मला उलट उत्तर द्यायच्या, त्यांना मी मनात तोंडाळ म्हणायचे. हिला मी माजलेली म्हणायचे. या दोन शब्दांमधला फरक मला कोणी समजावून सांगायला नको.

खिडकी रंगवल्यावर चार-पाच महिन्यांनी एका इस्पितळाकडून एक खोकं परत आलं. तीन कुप्यांमध्ये तंतू होता. नर्सने इंजेक्शन भरण्याआधी बघितलं म्हणून निभावलं. खोक्यात चिठ्ठी होती, सात.

मी ते खोकं हातात घेऊन खोलीच्या मधोमध उभी राहिले. तिला उभं केलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "डोळे घरी ठेवून येतेस का गं?"

ती म्हणाली, "डोळे इथंच आणते, बाई. खिडकी तुम्ही नेली."

कोणी हसलं नाही. हसलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी तिला आणखी काय-काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तिच्या घराबद्दल बोलले, तिला हे काम झेपणारं नव्हतंच असंही बोलले. ती ऐकत होती, सरळ बघत. बाकीच्या सतरा जणींनी माना खाली घातल्या होत्या, आणि तेव्हा मला वाटलं की त्या मला घाबरल्या आहेत. त्यांना माझी लाज वाटत होती.

साहेबांनी तिला लेखी खुलासा द्यायला सांगितलं आणि मला म्हणाले की तो आला की कामावरून काढण्याची शिफारस तुमच्या सहीने पाठवा. ही साधी गोष्ट नव्हती. औषधाच्या कामात निष्काळजी, असा शेरा घेऊन बाहेर पडलेल्या बाईला भांडुपपासून अंधेरीपर्यंत कुठल्याही औषध कंपनीने उभं केलं नसतं. या कंपन्यांची माणसं एकमेकांना ओळखत होती, चौकशी एका फोनवर व्हायची. हे मला माहीत होतं. तरी शिफारशीचा कागद मी आधीच टाइप करून घेतला होता.

तिचा खुलासा दुसऱ्या दिवशी आला. फुलस्केपवर, सुवाच्य अक्षरात, चारच ओळी. कुप्या माझ्या हातून सुटल्या, मी नाकारत नाही. दुपारनंतर सगळ्यांच्याच हातून सुटतात, पकडल्या जात नाहीत एवढंच. बाईंनी माझ्या जागेवर, माझ्याच नियमाने, एक दिवस बसून बघावं. मग माझ्याबद्दल काय लिहायचं ते लिहावं.

साहेब हसले. म्हणाले, हे फाइलला लावा आणि विसरा. पुन्हा तेच हसू. आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली, साहेबांची नव्हे, तिची. ही मला आव्हान देते? मी म्हटलं, साहेब, मी बसते. एक दिवस बसून दाखवते की लक्ष असलं तर एकही कुपी सुटत नाही. मग त्या कागदावर सही करताना कोणाला बोलायला जागा राहणार नाही. मी तिला वाचवायला त्या स्टुलावर बसले नव्हते, तिला घालवायला बसले होते. पुढे हा किस्सा कंपनीत सांगितला जायचा तेव्हा माझं मन मोठं होतं असं सांगितलं जायचं, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

परीक्षा प्रयोगशाळेतल्या केमिस्टने घ्यायची ठरली. हा माझा जुना सहकारी, शांत माणूस. तो चांगल्या मालात सदोष कुप्या मिसळणार, किती आणि केव्हा ते त्यालाच माहीत. सदोष कुपीच्या बुडाला त्याने बारीक ओरखडा काढलेला, माझ्या नजरेला तो दिसायचा नाही, पण नंतर बोट फिरवून त्याला ओळखता यायचा. माझ्या खुर्चीत त्या दिवशी चार नंबरला बसवलं. वही तिच्याकडे, बिल्ला तिच्या शेजारी. नियम सगळे माझेच.

सकाळी मी खुशीत होते. तंतू दिसत होते, कण दिसत होते, मी कुप्या खटाखट बाजूला टाकत होते आणि प्रत्येक कुपी टाकताना सात नंबरकडे बघावंसं वाटत होतं. ती त्या दिवशी माझ्यामागे भिंतीशी स्टूल घेऊन बसली होती. काम तिला द्यायचं नव्हतं आणि घरीही पाठवायचं नव्हतं.

अकराच्या सुमाराला मला बाथरूमला जावंसं वाटलं. मी उठले आणि बघितलं तर खिळ्यावर बिल्ला नाही. नऊ नंबर गेली होती. मी बसले. पाच मिनिटं झाली, सात झाली. नऊ नंबर आली, तोवर दोन नंबर उठून उभी राहिली होती, ती माझ्या आधी उठलेली. नियमाप्रमाणे पाळी तिची होती. ती माझ्याकडे बघून घुटमळली. मी म्हटलं, जा. त्या मिनिटांत मी एकही कुपी नीट बघितली नाही, हे मला शपथेवर सांगता येईल. बिल्ला माझ्या हातात आला तेव्हा तो कोमट होता. मी परत आले तेव्हा चार नंबरने घड्याळ बघून वहीत लिहिलं आणि नियम असल्यामुळे मोठ्याने वाचलं, "बाई, नऊ मिनिटं." तिने ते इतक्या सरळ आवाजात वाचलं की मला आजही तिचं कौतुक वाटतं.

जेवणानंतर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं. अडीच वाजता काळ्या पाठीवर मला पांढरे धागे दिसायला लागले, कुपी नसतानाही. पापणी मिटली तरी ट्यूबलाइट आत जळत राहायची. मी मान वर केली. मला लांब बघायचं होतं, कुठेही, नुसतं लांब. समोर पांढरा तेलरंग होता. मी तो बघत राहिले आणि मग मला जाणवलं की खोलीतल्या सगळ्या जणी मला तो बघताना बघत आहेत. कोणीच काही बोललं नाही. बोलणं मीच बंद केलेलं होतं. मी मान खाली घातली आणि साडेचारपर्यंत बसले. माझी हट्टाची जात, मी उठणार नव्हते.

केमिस्टने संध्याकाळी मला प्रयोगशाळेत बोलावून सांगितलं. सकाळच्या सगळ्या सापडल्या होत्या. दुपारच्या अर्ध्याहून जास्त सुटल्या होत्या, त्यातल्या एकीत तर काच होती. त्याने आवाज खाली आणून विचारलं, साहेबांना काय सांगू, तुम्ही म्हणाल तसं. तो मला मदत करत होता. मी त्याला म्हटलं की आहे तसं लिही आणि एक प्रत मला दे. हे म्हणताना मला शूर वगैरे वाटलं नाही. ती काच कोणाच्या तरी अंगात गेली असती आणि चिठ्ठीवर आकडा सात असता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी केमिस्टचा कागद वाचला आणि बाजूला ठेवला. "तुमची प्रॅक्टिस नाही," ते म्हणाले. "हा दिवस धरायचा नाही. तिच्या कागदावर सही करा आणि संपवा."

"सकाळी प्रॅक्टिस होती आणि दुपारी गेली, असं होत नाही, साहेब. दुपारी डोळे गेले. खिडकी मी बंद केली आहे."

ते म्हणाले की म्हणजे चूक तुमची, असं तुम्ही लिहून देणार. मी हो म्हटलं. ते तुमच्या फाइलला लागेल, ते म्हणाले. मी म्हटलं, लागू दे. मग त्यांनी समजुतीचा सूर लावला. एका बाईसाठी आपलं करिअर पणाला लावू नका, या लोकांना डोक्यावर बसवलं की उतरत नाहीत. "या लोकांना" हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले आणि ओळखले. ते माझ्याही तोंडात राहून गेले होते. मी शिफारशीचा कागद फायलीतून काढला आणि त्यांच्या टेबलावर चार तुकडे करून ठेवला. हे मी आजही पुन्हा करीन.

सात नंबरची नोकरी वाचली. माझ्या फाइलला मेमो लागला. पुढची सहा वर्षं मी त्याच खुर्चीत राहिले आणि माझ्यानंतर आलेले दोन पुरुष माझ्या वर गेले. त्याचं वाईट वाटतं का? वाटतं. खोटं कशाला बोलू.

पण मला वाटत होतं त्याप्रमाणे गोष्ट इथे संपली नाही. कागद फाडला त्याच संध्याकाळी मी तिला स्टोअररूममध्ये बोलावलं. दार लावलं. म्हटलं, तुझा कागद मी फाडला आहे, तू कामावर राहणार आहेस, आणि त्या दिवशी मी तुला बोलले त्याबद्दल माझी चूक झाली. मला वाटलं, ती रडेल. निदान हात तरी जोडेल.

ती म्हणाली, "बाई, मला बोललात तेव्हा दार उघडं होतं. सतरा जणी ऐकत होत्या. आता दार लावून सांगताय."

मी लावलेल्या दाराकडे बघितलं.

"कागद फाडलात ते बरोबर केलंत. तो फाडायचाच होता. पण ही माफी तुमच्या सोयीची आहे, ती मला नको." एवढं बोलून तिने दार उघडलं आणि ती गेली.

मला भयंकर राग आला. घरी जाताना रस्ताभर मी तिला मनात उत्तरं देत होते. मी हिच्यासाठी काय केलं हे हिला कळत नाही, हिला आणखी काय हवंय. घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं, अपेक्षा ही की आई तरी म्हणेल की पोरगी आगाऊ आहे. आई वाटाणे सोलत होती. ती म्हणाली, "तू मला घड्याळ दाखवतेस ना पाहुण्यांसमोर, ते मला नाही आवडत." एवढंच. वाटाणे सोलणं थांबलंसुद्धा नाही. मी तिथे बसले आणि वाटाणे सोलायला लागले.

पुढे बऱ्याच वर्षांनी, सत्तरच्या दशकाच्या शेवटाला, कंपनीने आम्हा सुपरवायझरांसाठी एक वर्ग ठेवला होता. टाय लावलेले एक गृहस्थ आले आणि त्यांनी फळ्यावर लिहिलं की माणसांच्या भावना ओळखा, कौतुक चारचौघांत करा, बोलायचं असेल तर खासगीत बोला. सगळ्यांनी उतरवून घेतलं. मी हात वर केला आणि विचारलं की माफी कुठे मागायची. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, तीही खासगीतच बरी, नाही तर अधिकाराला धक्का बसतो. मी म्हटलं, चूक. जिथे अपमान केला तिथेच, तेवढ्याच माणसांसमोर, तेवढ्याच मोठ्या आवाजात. ते म्हणाले, हे तुम्ही कुठे वाचलंत. मी म्हटलं, स्टोअररूममध्ये. बाकीचे हसले. हसू देत.

पण ते पुढचं. वाटाणे सोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सातला खात्यात गेले. रंग काढायला मेंटेनन्सला लेखी ऑर्डर लागते आणि ती साहेब देणार नाहीत, हे मला माहीत होतं. रंग मारताना मला कोणाची ऑर्डर लागली नव्हती. वडिलांची दाढीची जुनी पाती आईने एका डब्यात जपून ठेवली होती, ती मी पुडीत बांधून आणली होती आणि त्या पात्यांनी काचा खरवडायला लागले. तेलरंग हट्टी असतो. आठ वाजेपर्यंत तीन काचा कशाबशा झाल्या, दोन बोटं कापली, आणि साडीवर पांढरा भुगा. बायका आल्या आणि दारातच थबकल्या.

त्या बसल्यावर मी खोलीच्या मधोमध, त्याच जागी उभी राहिले. सात नंबरला मी नावाने हाक मारली. तिचं नाव त्या खोलीत माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं.

"त्या दिवशी मी तुम्हाला म्हणाले, डोळे घरी ठेवून येतेस का. तुमच्या घराबद्दलही बोलले. ते सगळं चुकीचं होतं. डोळे तुमचे गेले नव्हते, मी घालवले. सगळ्यांचेच. खिडकी मी बंद केली, कोणाला न विचारता. मी तुमची माफी मागते, आणि सगळ्यांची मागते."

ती माझ्याकडे सरळ बघत होती, नेहमीसारखी. मला पहिल्यांदाच वाटलं की ते बघणं उद्धट नाही. ती फक्त ऐकताना बघते, माणसं बघतात तशी.

"ऐकलं," ती म्हणाली आणि चिमटा उचलून कामाला लागली. माफ केलं असं ती म्हणाली नाही. त्यानंतर आम्ही एकत्र पुष्कळ वर्षं काम केलं, तरी ते ती कधीच म्हणाली नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

अर्धा तास झाला. मी वाट बघत होते. पाऊण तास झाला. मोठ्या बाईचा चिमटा काही वाजेना. तीन काचांमधून डोंगर दिसत होता आणि एकही मान वर होत नव्हती. मला कळेना, आता आणखी काय. मग माझं लक्ष टेबलाशेजारच्या खिळ्याकडे गेलं. बिल्ला तिथेच लटकत होता आणि वही त्याच्याखाली उघडी. मी उठले, बिल्ला काढला, वही मिटली आणि दोन्ही खणात टाकून खण बंद केला. खणाचा आवाज झाला, तेवढाच.

टक् टक्.

अठरा माना वर झाल्या. मीही खिडकीशी जाऊन उभी राहिले. कसं बघायचं तेही मला माहीत नव्हतं. सातव्या पेटीवरून तिचा आवाज आला, "किती दिसतात?"

मी म्हटलं, काय किती.

"ताड. डोंगराच्या कडेला बघा."

तिने मला सांगितलं ते असं. डोंगराच्या माथ्यावर चार ताड एका ओळीत उभे आहेत, ते कोणालाही दिसतात. पाचवा त्यांच्या मागे, जरा खालच्या अंगाला आहे. डोळे थकले की तो डोंगरात मिसळून जातो. तो वेगळा दिसायला लागला की समजायचं, डोळे ठिकाणावर आले, आता कामाला लागायचं. प्रत्येकीचं प्रत्येकीने बघायचं. मी यायच्या आधीपासून हे असंच होतं. मोठ्या बाईला कोणी शिकवलं नव्हतं, तिने आपल्या डोळ्यांनीच शोधून काढलं होतं. खोलीत घड्याळ घेऊन बसणारी मी एकटीच होते आणि काम कधी थांबवायचं, कधी सुरू करायचं हे मला एकटीलाच ठाऊक नव्हतं.

मी बघितलं. मोजले. खोटं सांगावंसं वाटलं, कारण सगळ्या ऐकत होत्या.

"चार," मी म्हटलं.

"मग अजून बघा," ती म्हणाली. "घाई करू नका."

एकेकीची मान खाली गेली. चिमटे वाजायला लागले. तीही तिच्या कुप्यांकडे वळली. मी खिडकीशी उभीच राहिले, कारण मला अजून चारच दिसत होते आणि पाचवा दिसेपर्यंत तिथून हलायचं नाही, असं मला सांगितलेलं होतं.